तलाठी भरती परीक्षा (बीड जिल्हा)

तलाठी भरती परीक्षा ही महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागातील तलाठी या गट-क संवर्गातील पदासाठी सरळसेवेने घेतली जाणारी लेखी स्पर्धा परीक्षा आहे. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी हे चार विषय तिच्या एकाच प्रश्नपत्रिकेत असतात. मुलाखत नसल्यामुळे निवड केवळ लेखी परीक्षेतील गुणांवर होते. २०२४ मध्ये शासनाने या पदाचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले. तथापि लोकव्यवहारात आणि परीक्षार्थींच्या बोलण्यात 'तलाठी' हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत लेखात या परीक्षेची माहिती बीड जिल्ह्याच्या संदर्भात दिली असून, मिश्र विषयांच्या सराव प्रश्नपत्रिकांचा तयारीत कसा उपयोग होतो यावर अधिक भर आहे.

पद आणि त्याचे महत्त्व

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तलाठ्याच्या नेमणुकीची तरतूद आहे. एका किंवा अधिक गावांच्या सजाचा कारभार त्याच्याकडे असतो. सात-बारा, आठ-अ, फेरफार नोंदी, महसुलाची वसुली आणि नैसर्गिक आपत्तीनंतरचे पंचनामे ही त्याची मुख्य कामे होत. शेतकऱ्याला शासनाचे पहिले दर्शन घडते ते तलाठ्याच्या रूपाने. अवर्षण, गारपीट आणि अतिवृष्टी यांचा आलटून पालटून फटका बसणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यात पंचनाम्यावरील एका नोंदीने कुटुंबाचे वर्ष सावरते किंवा बिघडते, त्यामुळे या पदाला गावात मोठा मान आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी गावाचे जमिनीचे दप्तर वंशपरंपरेने चालणाऱ्या पटवाऱ्याकडे असे. जे काम पूर्वी विशिष्ट घराण्यांत जन्मलेल्यालाच मिळे, ते आज कोणत्याही घरातील पदवीधराला गुणांवर मिळू शकते.

परीक्षेचे स्वरूप

प्रश्नपत्रिकेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, म्हणजे एकूण २०० गुण, आणि वेळ २ तास. चारही विषयांना प्रत्येकी २५ प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. गुणवत्ता यादीत येण्यासाठी किमान ४५ टक्के गुण आवश्यक असतात. कोणत्याही शाखेची पदवी ही शैक्षणिक अर्हता आहे. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी व मागास प्रवर्गांसाठी वेगवेगळी असते. निवड यादी जिल्हानिहाय लागते आणि उमेदवाराला एकाच जिल्ह्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून कोणत्या जिल्ह्यातून अर्ज भरायचा, हा प्रश्नपत्रिकेबाहेरचा, पण उमेदवाराला सर्वाधिक छळणारा प्रश्न असतो. जागा कुठे जास्त आणि स्पर्धा कुठे कमी याचे आडाखे बांधूनही अनेकजण अखेर स्वतःच्याच जिल्ह्याकडे वळतात.

सामाजिक आरक्षणाबरोबर महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त आदींसाठी समांतर आरक्षण असते. माजलगाव धरणासारख्या प्रकल्पांत जमिनी गेलेल्या कुटुंबांमुळे बीड जिल्ह्यात प्रकल्पग्रस्तांच्या दाखल्याला महत्त्व आहे. हा दाखला, जातवैधता आणि उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र जाहिरात निघाल्यानंतर काढायला धावणाऱ्यांची दमछाक होते.

जिल्ह्यातील परीक्षार्थी

बीड जिल्ह्यात बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टी असे ११ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ होती. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र सोडल्यास मोठा उद्योग जवळजवळ नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' फिटेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, हा कोयता परतत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे, जनावरे आणि शिकणारी मुले.

महाविद्यालयात शिकणारा मोठा मुलगा किंवा मुलगी अशा घराचा कारभारी होतो. धाकट्यांची शाळा, पाणी भरणे आणि जनावरांचा चारा यांतून उरलेला वेळ अभ्यासाचा. २०२३ मध्ये या परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये व राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. एकाच वर्षी तीन-चार विभागांच्या जाहिराती निघाल्या की ही रक्कम उचलीतूनच काढावी लागते. मुलींची अडचण याहून वेगळी आहे. हंगामात वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकण्याची रीत जिल्ह्यात पुरती मोडलेली नाही. पदवीपर्यंत पोहोचून सरावाच्या वहीपर्यंत येणारी मुलगी त्या वळणावरून पुढे आलेली असते.

तालुक्याच्या गावांतून गेल्या काही वर्षांत खासगी अभ्यासिका वाढल्या आहेत. मासिक शुल्क भरून एक टेबल, एक खुर्ची व पंखा मिळतो. ज्यांना परवडते ते लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याची वाट धरतात. बार्टी, सारथी व महाज्योती या शासकीय संस्थांमार्फत आपापल्या लक्ष्यगटांतील उमेदवारांसाठी प्रशिक्षणाच्या योजना राबवल्या जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे.

मिश्र सराव प्रश्नपत्रिका

१०० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. प्रश्न वाचणे, तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे, रीत आठवणे, उत्तर काढणे आणि पर्याय निवडणे हे सर्व त्यात आले. यातील 'ओळखणे' ही पायरी बहुतेकांच्या तयारीतून निसटते. बाजारातील मार्गदर्शकांत प्रकरणाच्या शेवटी त्याच प्रकरणावरील पन्नास प्रश्न असतात. 'काळ, काम, वेग' या शीर्षकाखालचे उदाहरण कोणत्या रीतीने सोडवायचे हे शीर्षकानेच सांगितलेले असते. विद्यार्थी पन्नासपैकी पंचेचाळीस सोडवतो आणि प्रकरण पक्के झाले असे समजतो. परीक्षेत मात्र शीर्षक नसते. तेथे कर्मधारय समासामागून शेकडेवारी येते आणि शेकडेवारीमागून मूलभूत कर्तव्ये.

शिक्षणाच्या मानसशास्त्रातही याला आधार आहे. गणिताच्या सरावावर झालेल्या प्रयोगांत एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांना सरावाच्या वेळी अधिक यश मिळाले. काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत मात्र निरनिराळे प्रकार मिसळून सोडवणारे पुढे गेले. मिश्र सरावात सुरुवातीला गुण कमी पडतात, म्हणून विद्यार्थी नाउमेद होऊन तो सोडून देतात. प्रत्यक्षात तेच गुण खऱ्या परीक्षेच्या जवळचे असतात.

उपयुक्त ठरलेली पद्धत साधारण अशी आहे. नवे प्रकरण शिकताना त्यावरचे प्रश्न सलग सोडवावेत, परंतु दोन-तीन दिवसांनी तेच प्रश्न इतर विषयांच्या प्रश्नांत मिसळावेत. आठवड्यातून किमान एकदा पूर्ण १०० प्रश्नांची पत्रिका घड्याळ लावून सोडवावी. त्यानंतरचे काम पत्रिकेहून मोठे आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकीचे कारण लिहायचे असते: माहिती नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, प्रकार चुकीचा ओळखला, की वाचनात 'नाही' हा शब्द सुटला. 'पुढीलपैकी अयोग्य विधान कोणते' या प्रश्नात योग्य विधानावर खूण करून येणारे हुशार विद्यार्थी दर परीक्षेत आढळतात. दोन महिन्यांच्या अशा नोंदी पाहिल्या म्हणजे अज्ञानापेक्षा घाईने किती गुण नेले ते दिसते. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरांवरही खूण करून ठेवणे आवश्यक आहे, कारण ती पुढच्या वेळी बरोबर येतीलच असे नाही.

गावोगावी भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या प्रश्नसंचांबाबत सावधगिरी हवी. त्यांतील उत्तरे पुष्कळदा चुकीची, जुनी किंवा एकमेकांशी विसंगत असतात. हातांनी उतरवून घेतलेली चूक पाठ होते आणि मग ती पुसणे कठीण जाते. शक्य तेथे मूळ पाठ्यपुस्तकाशी उत्तर ताडून पाहावे. राज्य मंडळाची व बालभारतीची इयत्ता पाचवी ते बारावीची पुस्तके यासाठी अजूनही सर्वांत स्वस्त व भरवशाची आहेत.

मराठी

मराठीला ५० गुण आहेत, आणि मराठी माध्यमातील विद्यार्थी हाच विषय सर्वांत शेवटी उघडतो. 'आपलीच भाषा' या समजुतीने झालेले नुकसान गणिताच्या भीतीने झालेल्या नुकसानापेक्षा थोडे थोडके नसते. या विभागात संधी, समास, प्रयोग, विभक्ती, वाक्यप्रकार, अलंकार, शब्दसिद्धी, म्हणी, वाक्प्रचार, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, शुद्धलेखन आणि उताऱ्यावरील प्रश्न येतात.

प्रयोगाचे उदाहरण घेता येईल. 'आई भाकरी थापते' हा कर्तरी, 'आईने भाकरी थापली' हा कर्मणी आणि 'आईने बाळाला झोपवले' हा भावे प्रयोग होय. कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी, असे ठोकताळ्याने उत्तर देणारा तिसऱ्या वाक्यात फसतो. क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते हे पाहिले तर फसगत होत नाही. 'भाकरी'ऐवजी 'लाडू' घातला तर 'थापली'चे 'थापला' होते, म्हणून कर्मणी. 'बाळाला'ऐवजी 'मुलीला' घातले तरी 'झोपवले' तसेच राहते, म्हणून भावे. ही कसोटी वीस सेकंदांत लावता येते.

समासातील गोंधळ वेगळा आहे. 'पीतांबर' म्हणजे पिवळे वस्त्र असा अर्थ घेतल्यास कर्मधारय, आणि पिवळे वस्त्र नेसणारा तो विष्णू असा घेतल्यास बहुव्रीही. दोन्ही पर्याय समोर असताना प्रश्नात विग्रह दिला आहे का, हे आधी पाहावे लागते.

वर्णांच्या संख्येवरील प्रश्न तर परीक्षार्थींत प्रसिद्ध आहे. मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' या परीक्षार्थींच्या हाती सर्वाधिक दिसणाऱ्या पुस्तकात पारंपरिक वर्णमाला ४८ वर्णांची आहे. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार ॲ व ऑ हे स्वर आणि क्ष व ज्ञ ही विशेष संयुक्त व्यंजने धरून ही संख्या ५२ होते. प्रश्नात 'पारंपरिक' की 'शासननिर्णयानुसार' असा शब्द नसेल तर विद्यार्थी अधांतरी राहतो. अशा वेळी उत्तरतालिकेवर आक्षेप घेण्याची सोय असते. मात्र आक्षेपासाठी शुल्क व पुरावा दोन्ही लागतात, आणि पुरावा म्हणून मूळ ग्रंथाचे पान जितके वजनदार ठरते तितके मार्गदर्शकाचे नाही. मोरो केशव दामले यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सगळे वाचण्याची गरज नाही; पण मतभेद कोठून आले हे समजायला ते चाळलेले बरे.

शुद्धलेखनात कानावर विसंबून चालत नाही. घरी 'पानी' आणि 'लोनी' म्हणणाऱ्या मुलाची बोली अशुद्ध नसते. ती बोली आहे, आणि परीक्षा प्रमाण लेखनाची आहे. हा भेद शिक्षकांनी नीट समजावून दिला नाही तर मुले एक तर बोलीची लाज बाळगतात किंवा नियमांना कंटाळतात. जिल्ह्यातील तांड्यांवर गोरमाटी आणि शहरांत उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी तर मराठी ही शाळेत भेटलेली भाषा आहे, तरी त्यांतील कित्येक नियम अधिक काटेकोर पाळतात. वारंवार चुकणारे शब्द मोजकेच आहेत: 'आशीर्वाद', 'पारंपरिक', 'उज्ज्वल', 'क्रीडांगण', 'पुनर्वसन'. ते रोज दहा या प्रमाणात हाताने लिहिण्यास पर्याय नाही.

सामान्य ज्ञान

इतिहास, भूगोल, राज्यघटना, समाजसुधारक, माहितीचा अधिकार आणि चालू घडामोडी असा या विभागाचा पसारा आहे. येथे स्वतःच्या जिल्ह्यापासून सुरुवात करणे सोयीचे पडते, कारण पाहिलेली गोष्ट विसरत नाही. १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई माधवराव पेशवे व निजाम यांच्यात गेवराई तालुक्यात गोदाकाठी झाली. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते आणि तिच्यावरचे धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. माजलगावचे धरण सिंदफणेवर आहे. नायगावचे मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यात आहे. शके १११० मधील 'विवेकसिंधु'चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते; ग्रंथातील स्थळ विदर्भातील अंभोरा असावे असेही मत आहे. पासोडीवर लिहिणारे दासोपंत अंबाजोगाईचेच. पीकविम्यातील 'बीड पॅटर्न' हा २०२० पासूनचा प्रयोग चालू घडामोडींत राज्यभर पोहोचला. जिल्ह्यातील विद्यार्थ्याला यांतील निम्म्या जागा एसटीने पाहता येतात.

चालू घडामोडींसाठी महिन्याचे अंक पाठ करण्यापेक्षा रोजचे एक वर्तमानपत्र पुरते.

बौद्धिक चाचणी आणि इंग्रजी

या विभागात अंकगणित, संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध व दिनदर्शिका यांवर प्रश्न असतात. रीत समजली की उदाहरणे कठीण नसतात. एका टोळीला उसाचा फड तोडायला १२ दिवस लागतात, दुसरीला १८. दोन्ही टोळ्या मिळून किती दिवस? येथे अपूर्णांक मांडण्याऐवजी फड ३६ भागांचा धरावा. पहिली टोळी रोज ३ भाग तोडते, दुसरी २, दोघी मिळून ५. म्हणून ३६ भागिले ५, म्हणजे ७ पूर्णांक १/५ दिवस.

दिनदर्शिकेच्या प्रश्नात दोन विषय एकत्र येतात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता, तर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या तारखेला, त्या मूळ वर्षी, कोणता वार होता? तारीख १७ सप्टेंबर १९४८ हे इतिहासातून आठवावे लागते. १९४८ लीप वर्ष असल्याने १५ ऑगस्ट १९४८ पर्यंत ३६६ दिवस होतात आणि वार दोनने पुढे सरकून रविवार येतो. तेथून १७ सप्टेंबरपर्यंत ३३ दिवस, म्हणजे ४ आठवडे व ५ दिवस. उत्तर पुन्हा शुक्रवारच.

इंग्रजीचे प्रश्न काळ, शब्दयोगी अव्यये, उपपदे, वाक्यरूपांतर व शब्दसंग्रह यांवर असतात. बहुसंख्य ग्रामीण उमेदवार हा विभाग सोडून दिल्यासारखा सोडवतात. पातळी बारावीची असल्याने दहावीपर्यंतचे व्याकरण पक्के असणाऱ्यास २५ पैकी १५ प्रश्न आवाक्यात येतात, आणि त्यातून मिळणारे ३० गुण निवड यादीत पुष्कळ फरक पाडतात.

वाद आणि अडचणी

२०१९ ची तलाठी भरती महापरीक्षा पोर्टलमार्फत झाली. त्या पोर्टलविषयी राज्यभर तक्रारी झाल्या आणि २०२० मध्ये ते बंद करण्यात आले. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षी म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली. तलाठ्यांची पुढची मोठी जाहिरात निघायला २०२३ उजाडले. या चार वर्षांत ज्यांची वयोमर्यादा संपली त्यांची गणती कोणत्याही निकालात होत नाही.

२०२३ ची भरती ४,६४४ पदांसाठी होती. सुमारे १० लाख ४१ हजार अर्ज आले. परीक्षा टीसीएस कंपनीमार्फत १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात संगणकावर अनेक सत्रांत घेण्यात आली. २१ ऑगस्ट रोजी सर्व्हरमधील बिघाडामुळे सकाळचे सत्र राज्यभर उशिरा सुरू झाले. निरनिराळ्या सत्रांच्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी नसल्याने गुणांचे सामान्यीकरण करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली तेव्हा सर्वाधिक गुण २०० पैकी २१४ दिसले आणि मोठा गदारोळ झाला. अवघड सत्रातील उमेदवाराचे गुण सूत्रानुसार वाढत असल्याने एकूण गुणांपेक्षा आकडा पुढे जाणे गणिती दृष्ट्या शक्य आहे. परंतु हे सूत्र उमेदवारांना सोप्या मराठीत आधी समजावले गेले असते तर संशयाला इतकी जागा राहिली नसती. सामान्यीकरणामुळे सराव पत्रिकेतील गुणांवरून निवडीचा अंदाज बांधणेही अवघड झाले आहे.

राज्य विधिमंडळाने २०२४ मध्ये स्पर्धा परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल हा ग्रामीण भागातील जुना रोग आहे. संगणकीय परीक्षेत प्रश्नपत्रिका, उत्तरतालिका आणि उमेदवाराने दिलेली उत्तरे उमेदवाराला पाहता येतात. ती स्वतः जपून ठेवणे हा त्याच्या हातातला पुरावा असतो.

निवडीनंतर

कागदपत्रांच्या पडताळणीनंतर जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत नेमणूक होते. उमेदवाराकडे संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र नसल्यास ते ठरलेल्या मुदतीत मिळवावे लागते. नवनियुक्त तलाठ्याला गाव नमुन्यांचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्यानंतर दुय्यम सेवा विभागीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मंडळ अधिकारी पदावरील पदोन्नतीसाठी पुढे महसूल अर्हता परीक्षा असते.